पाणी किती फुटांवर?

सांगलीच्या मार्केट यार्डातील एका आडत पेढीवर २०२१ सालच्या ऐन हंगामात एके सकाळी दिवाणजींनी संगणक सुरू केला आणि त्यांना शेतकऱ्यांची एकही पट्टी, म्हणजे मालविक्रीचा हिशेब, उघडेना. माल कोणता होता हे मी सांगत नाही; का सांगत नाही, ते शेवटी येईल. प्रत्येक फाइलच्या नावाला चार इंग्रजी अक्षरांचे एक निरर्थक शेपूट चिकटले होते आणि प्रत्येक फोल्डरमध्ये ‘मला वाचा’ अशा अर्थाच्या नावाची एक छोटी फाइल येऊन बसली होती. फायली सोडवून हव्या असतील तर ९८० डॉलर द्या आणि ७२ तासांच्या आत संपर्क साधलात तर निम्म्यात, म्हणजे ४९० डॉलरमध्ये, काम करून देऊ, असे तिच्यात लिहिले होते. रोखीला सूट देण्याची यार्डातली रीत खंडणीखोरालाही ठाऊक असावी, याचे मालकांना त्या अवस्थेतही हसू आले.

लहान संस्थांच्या संगणकांची देखभाल हा माझा व्यवसाय असल्यामुळे मला बोलावणे आले. मी पोचले तेव्हा मालकांनी आधी दार लोटून घेतले आणि मग जे बोलले ते हिशेबांविषयी नव्हते. “ताई, हे बाहेर कुठं बोलू नका. शेतकऱ्याला कळलं तर तो म्हणंल, ह्यांच्याकडं हिशेबच ऱ्हायला नाही, मग माझी पट्टी कुठली?” त्यांची भीती खोटी नव्हती. आडतीचा धंदा शब्द आणि पत यांवर चालतो आणि पत गेली की ती परत आणायला एक हंगाम पुरत नाही. तरीही त्यांच्या फायली पुढे ज्या वाटेने परत आल्या, ती वाट कुठल्या तरी देशातला कोणी तरी आपल्यासारखे दार लोटून न घेता बोलला म्हणून तयार झालेली होती.

तो घातक प्रोग्राम ‘स्टॉप-डीजेव्हीयू’ या कुळातला होता. घरगुती आणि छोट्या धंद्यांच्या संगणकांवर तो बहुधा चोरीच्या सॉफ्टवेअरबरोबर येतो. इथेही तो एका पेन ड्राइव्हवरून, पैसे न भरता प्रोग्राम चालवण्याचे ‘क्रॅक’ म्हणून आला होता. फायलींना कुलूप घालण्यापूर्वी हा प्रोग्राम आपल्या धन्याच्या सर्व्हरशी संपर्क साधून त्या संगणकासाठी वेगळी किल्ली मागवतो. सर्व्हरशी गाठ पडली नाही तर मात्र तो स्वतःच्या पोटातली एक ठरावीक किल्ली वापरतो, आणि ती किल्ली त्या आवृत्तीच्या अशा सगळ्या बळींसाठी एकच असते. त्या संध्याकाळी यार्डातले इंटरनेट बंद पडले होते, ही त्या पेढीची पुण्याई. चिठ्ठीतल्या ओळख क्रमांकाची शेवटची दोन चिन्हे ‘टी१’ अशी असली की ठरावीक किल्ली वापरली गेल्याचे समजावे, हे मला कोणत्याही अभ्यासक्रमात शिकवलेले नव्हते. सुरक्षा-संशोधकांनी कोणालाही वाचता येतील अशी लिहून ठेवलेली टिपणे मी त्या दुपारी वाचली आणि त्यांतून ते कळले.

डच पोलीस, युरोपोल ही युरोपीय संघाची पोलीस यंत्रणा आणि दोन सुरक्षा कंपन्या यांनी जुलै २०१६ मध्ये ‘नो मोअर रॅन्सम’ या नावाने एक सार्वजनिक संग्रह सुरू केला. कुलूपबंद झालेली एखादी फाइल आणि खंडणीची चिठ्ठी तिथे दिली की हल्लेखोर प्रोग्राम कोणत्या कुळातला आहे ते कळते आणि त्यावर साधन उपलब्ध असेल तर ते फुकट मिळते. या कुळावरचे साधन एम्सिसॉफ्ट या कंपनीने ऑक्टोबर २०१९ मध्ये काढले. नव्या आवृत्त्यांची ठरावीक किल्ली त्या साधनात येते ती अशी, की त्याच आवृत्तीचा कोणी बळी नाइलाजाने खंडणी भरतो, त्याला किल्ली मिळते आणि तो ती संशोधकांच्या स्वाधीन करतो. त्याचे पैसे गेलेले असतात, पुढच्यांचे वाचतात. आमच्या आवृत्तीची किल्ली तेव्हा आलेली नव्हती. म्हणून ती डिस्क काढून, कापडात गुंडाळून, मालकांच्या तिजोरीत ठेवली. नव्या डिस्कवर काम सुरू करून दिले. दिवाणजींनी कार्बन कॉपीवरून हमाली-तोलाईसकट सगळ्या पट्ट्या पुन्हा चढवल्या. आणि मी दर शनिवारी ते साधन नव्याने उतरवून एका फाइलवर चालवून पाहत राहिले. अकराव्या शनिवारी फाइल उघडली.

संगणकाच्या सुरक्षेविषयीचे ज्ञान इंटरनेटवरच्या सार्वजनिक संग्रहांत सर्वांसाठी खुले ठेवावे की नाही, यावर आपल्याकडे चर्चा झालीच तर ती ‘चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या’ या एका म्हणीवर संपते. कोणत्या प्रणालीत कोणते भगदाड आहे, कोणता घातक प्रोग्राम कसा चालतो, तो कोणत्या खुणांवरून ओळखावा, अमुक ठिकाणचा हल्ला नेमका कसा घडला, हे सगळे या ज्ञानात येते. माझे मत असे आहे की ते खुले असावे, योग्य वेळेला खुले व्हावे, त्याच्या प्रती अनेक ठिकाणी असाव्यात, आणि सांगली-साताऱ्यासारख्या सहकारी संस्थांनी गजबजलेल्या जिल्ह्यांनी या संग्रहांतून केवळ घेत न राहता आपल्या घटनांची टिपणे त्यांत घालायलाही शिकावे.

धोक्याची माहिती उघड ठेवणे म्हणजे काय, हे खरे तर सांगलीकराला समजावून सांगायची गरज नाही. जुलै-ऑगस्टमध्ये गावात भेटणारा माणूस ‘कसे आहात’ असे न विचारता ‘पाणी किती फुटांवर?’ असे विचारतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पातळी, तिथली ४५ फुटांची धोक्याची खूण, कोयनेतून किती क्युसेकने विसर्ग सुरू आहे, हे आकडे दर काही तासांनी जाहीर होतात, आणि किती फुटांवर कोणत्या गल्लीत पाणी शिरते हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले, तेव्हा याच आकड्यांवर लोकांनी म्हशी सोडल्या आणि धान्य माडीवर चढवले. आता असे पाहा, की हेच आकडे चोरालाही दिसतात. कोणती गल्ली रिकामी झाली आहे आणि कोणत्या घरांना नुसते कुलूप आहे, हे त्यालाही त्यावरूनच कळते, आणि पुराच्या दिवसांत बंद घरे फुटण्याची धास्ती प्रत्येक कुटुंबाला असते. म्हणून पाण्याची पातळी गुप्त ठेवा, असे अद्याप कोणी म्हटलेले नाही. पूररेषेचे नकाशे उघड करण्याला मात्र कुरकुर होते, आणि ती कोणाची असते हे ज्याने नदीकाठचा भूखंड विकायला काढला आहे त्याला विचारावे. माहिती लपवण्यामागे लोकांची सुरक्षितता किती आणि कोणाची तरी किंमत टिकवणे किती, हा हिशेब दोन्हीकडे सारखाच मांडावा लागतो.

चोराला शिकवू नका हा आक्षेप संगणकाहून जुना आहे. १८५१ साली लंडनच्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकी कुलूपकाराने तोवर अभेद्य मानलेले चब कंपनीचे कुलूप सुमारे २५ मिनिटांत उघडून दाखवले. पुढे त्याने ब्रामा कंपनीचे कुलूपही उघडले, ज्यावर सहा दशके २०० गिनींचे बक्षीस लावलेले होते. त्याला १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले, पण उघडले. हे जाहीर करावे की नाही यावर तिथल्या वर्तमानपत्रांत रण माजले. कुलपांच्या खोडी चोरांना आधीच ठाऊक असतात आणि त्या ठाऊक नसतात त्या फक्त कुलूप विकत घेणाऱ्या गिऱ्हाइकाला, हे हॉब्जच्या बाजूचे उत्तर होते. १८८३ मध्ये ऑगस्त केर्कहोफ्स यांनी लष्करी सांकेतिक लिपींविषयी हाच विचार नियमाच्या रूपात मांडला: यंत्रणेची रचना शत्रूच्या हाती पडली तरी ती टिकली पाहिजे, गुपित असावी ती फक्त किल्ली. आज आपण फोनवरून बँकेचा व्यवहार करतो तेव्हा त्याच्या मुळाशी असलेल्या गणिती पद्धती जगापुढे छापलेल्या आहेत, आणि इतक्या जणांनी त्या फोडण्याचा प्रयत्न करूनही त्या फुटलेल्या नाहीत, हाच त्यांच्यावरच्या विश्वासाचा आधार आहे.

लपवल्याने काय होते त्याचे अलीकडचे उदाहरण ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर प्रोग्रामचे आहे. विंडोजमधील एक भगदाड अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेला बराच काळ माहीत होते. स्वतःच्या हेरगिरीसाठी उपयोगी म्हणून तिने ते मायक्रोसॉफ्टला सांगितले नाही. गुपित तिच्या तिजोरीतून फुटल्यावर मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी दुरुस्ती काढली, १४ एप्रिलला चोरांनी ते हत्यार उघड्यावर टाकले आणि १२ मे रोजी त्यावर स्वार झालेल्या खंडणीखोर किड्याने ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांचे कामकाज कोलमडवले; आपल्याकडे आंध्रातील पोलिसांचे संगणकही त्यात सापडले. यातले हत्यार कोणत्याही संग्रहातून आलेले नव्हते. ते एका अत्यंत बंदोबस्तात ठेवलेल्या कोठारातून आले होते.

इथवर वाद सोपा आहे. खरा अवघड आक्षेप वेगळा आहे आणि तो माझ्या रोजच्या कामात मला भेटतो, म्हणून त्याला टाळून पुढे जाता येत नाही. संग्रह चोरही वाचतो आणि रक्षकही वाचतो हे म्हणणे कागदावर समतोल दिसते, पण प्रत्यक्षात चोर तो रोज वाचतो आणि आमच्या पतसंस्थेचे सचिव तो कधीच वाचत नाहीत. मार्च २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या ‘एक्स्चेंज’ या मेल सर्व्हरमधील चार भगदाडांवर २ तारखेला दुरुस्त्या आल्या. आठवडाभरात एका संशोधकाने ती भगदाडे कशी वापरता येतात हे दाखवणारा नमुना ‘गिटहब’ या प्रोग्रामांचे कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर ठेवला, आणि हजारो सर्व्हर अजून दुरुस्त झालेले नाहीत असे सांगून गिटहबने तो काढून टाकला. गिटहब मायक्रोसॉफ्टच्याच मालकीचे आहे. संशोधकांनी त्यावर गहजब केला, आणि त्यात तथ्य होते, कारण स्वतःच्या मालातली खोट दाखवणारा कागद दुकानदारानेच ग्रंथालयातून उचलून न्यावा असा तो प्रकार होता. तरीही, प्रामाणिकपणे सांगायचे तर, त्या आठवड्यात सांगलीतला एखादा सर्व्हर माझ्या जबाबदारीवर असता तर तो नमुना आणखी महिनाभर बाहेर आला नसता तर बरे, असे मलाही वाटले असते.

त्यामुळे माझा आग्रह सगळे तत्काळ उघड करण्याचा नाही. वेळेचा नियम असावा आणि तो आधी ठरलेला असावा. गूगलच्या ‘प्रोजेक्ट झीरो’ या गटाने २०१४ पासून ९० दिवसांची मुदत रूढ केली आणि २०२१ पासून, मुदतीत दुरुस्ती आली तर लोकांना ती बसवायला आणखी ३० दिवस मिळावेत म्हणून तांत्रिक तपशील तेवढे मागे ठेवायला सुरुवात केली. कंपनीला आळस करता येऊ नये आणि गिऱ्हाइकाला उसंत मिळावी, या दोन्ही गोष्टी त्यात साधतात. पण मुदत कितीही वाढवली तरी मूळ दुखणे राहतेच. दुरुस्ती प्रसिद्ध झाली की जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवून काय बदलले ते पाहता येते, आणि जाणकार चोराला तेवढे पुरते. म्हणजे दुरुस्ती हीच एक जाहिरात असते. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टकडून फुकट दुरुस्त्या मिळणे १४ जानेवारी २०२० रोजी थांबले, तरी त्यावर चालणारे संगणक मी त्यानंतर कितीतरी वर्षे संस्थांच्या टेबलांवर पाहिले आहेत. तिथे जगातल्या प्रत्येक संग्रहाला कुलूप घातले असते तरी काही उपयोग नव्हता. ज्याला धोका आहे त्याच्यापर्यंत, त्याला कळेल अशा भाषेत, वेळेत पोचणे एवढाच उपाय उरतो. तांत्रिक सूचना इंग्रजीत येतात, त्यांत ‘रिमोट कोड एक्झिक्यूशन’ असे शब्द असतात, आणि सचिवांना त्यातून ‘तुमच्या संस्थेचा संगणक दुसरा कोणीतरी परगावाहून चालवू शकेल, आजच्या आज बंद करून संगणकवाल्या मुलाला बोलवा’ एवढे कळायला हवे असते. हे भाषांतर मी फोनवरून करते. ते लिहून ठेवले पाहिजे, आणि जिथे शेजारच्या गावातल्या सचिवांनाही सापडेल तिथे ठेवले पाहिजे.

संग्रहात काय असू नये हेही स्पष्ट सांगायला हवे. गळती झालेल्या ग्राहकयाद्या, आधार क्रमांक, चालू पासवर्ड, कोणाचे खासगी फोटो किंवा रुग्णालयातील नोंदी यांना ‘संशोधन साहित्य’ म्हणणे ही लबाडी आहे. त्या ज्या माणसांच्या आहेत त्यांची परवानगी कोणी घेतलेली नसते. मात्र याही बाबतीत बंद आणि उघडे यांच्यामध्ये मार्ग निघतो. ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन तज्ज्ञाने २०१३ मध्ये सुरू केलेल्या ‘हॅव आय बीन पोन्ड’ या सेवेत आपला ईमेल टाकला की तो कोणकोणत्या गळत्यांत सापडला ते कळते, पण गळालेला मजकूर मिळत नाही. पासवर्ड तपासण्यासाठी तर त्या पासवर्डच्या गणिती ठशाची फक्त पहिली पाच चिन्हे पाठवली जातात. उरलेली जुळणी आपल्या संगणकावर होते आणि खुद्द सेवेलाही पासवर्ड कळत नाही. संग्रह म्हणजे कोठाराचे दार सताड उघडे टाकणे असे समजणाऱ्यांनी ही रचना एकदा समजून घ्यावी.

आता विद्यार्थ्यांविषयी. वसतिगृहांतली मुले ‘एथिकल हॅकिंगचा संपूर्ण कोर्स’ टेलिग्रामवरून उतरवतात, आणि त्या गाठोड्यातच पासवर्ड पळवणारा प्रोग्राम निघतो, हे मी एकापेक्षा अधिक लॅपटॉपवर पाहिले आहे. गंमत अशी की त्यांना जे शिकायचे असते ते मूळ ठिकाणी राजरोस आणि फुकट असते. नेटवर्क तपासण्याचे ‘एनमॅप’ हे साधन १९९७ साली ‘फ्रॅक’ या जुन्या नियतकालिकात मूळ कोडसह छापले गेले आणि आजही जगभर वापरात आहे. त्या नियतकालिकाचे १९८५ पासूनचे अंक वाचायला मिळतात. पण ‘हॅकिंग’ हा शब्द उच्चारताच ज्या वर्गात कपाळाला आठ्या पडतात, त्या वर्गातला मुलगा ग्रंथालयात न जाता गल्लीबोळातून शिकतो.

त्यातल्याच एकाची हकीकत. एका संस्थेच्या पोर्टलवर स्वतःची फीची पावती पाहताना त्याच्या लक्षात आले, की पत्त्याच्या पट्टीतला शेवटचा आकडा एकाने वाढवला की पुढच्या विद्यार्थ्याची पावती, घरचा पत्ता आणि फोन नंबरासकट, उघडते. त्याने दोन पावत्या पाहिल्या, थांबला आणि कार्यालयात जाऊन सांगितले. दुसऱ्या दिवशी त्याच्या वडिलांना बोलावणे गेले आणि पोलिसात देण्याची भाषा झाली. चार महिन्यांनी ते भगदाड गुपचूप बुजवले गेले. मधल्या काळात ते किती जणांनी वापरले याची नोंद कोणाकडे असेल असे मला वाटत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ आणि ६६ या कलमांत परवानगीवाचून केलेल्या प्रवेशाचा विचार आहे, पण चांगल्या हेतूने खोट दाखवून देणाऱ्याला ठळक संरक्षण नाही, आणि म्हणून अशी धमकी पोकळ असली तरी चालून जाते. भगदाड कळवण्याची अधिकृत वाट आपल्याकडे आहे: सर्ट-इन ही केंद्राची यंत्रणा २००४ पासून काम करते आणि २०२१ पासून भगदाडांना ‘सीव्हीई’ हा जागतिक नोंदणी क्रमांक देण्याचा अधिकारही तिला आहे. त्या मुलाला ही वाट कोणी दाखवलेली नव्हती. आता तो असे काही दिसले तर पाहिलेच नाही असे करतो, असे त्याने मला सांगितले, आणि मला त्याला दोष देता आला नाही.

सर्ट-इनबाबत माझी तक्रार वेगळी आहे. २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थांनी सायबर घटना ६ तासांच्या आत तिला कळवायच्या असतात. माहिती वर जाण्याची ही व्यवस्था झाली. ती ओळख पुसून खाली परत यावी, शेजारच्या संस्थेला उपयोगी पडावी, अशी व्यवस्था त्या निर्देशांत नाही. आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्ट-इनला माहिती अधिकार कायद्याच्या कक्षेतूनही वगळण्यात आले. तपास चालू असताना गुप्तता लागते हे मान्य, पण तपास संपल्यानंतरही ती का लागावी? पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये हल्ला झाला आणि सुमारे ९४ कोटी रुपये गेले. चोरांनी एटीएमच्या व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या स्विचऐवजी आपला बनावट स्विच उभा केला, त्यामुळे परदेशांतील एटीएमवरून आलेल्या विनंत्या बँकेच्या मूळ हिशेबापर्यंत न जाताच मंजूर होत गेल्या. ११ ऑगस्टला हे घडले. त्याच्या आदल्याच दिवशी अमेरिकेच्या एफबीआयने अशा मोठ्या एटीएम-लुटीचा इशारा बँकांना धाडला होता, पण तो गोपनीय होता आणि एका पत्रकाराने तो उघड केला तो १२ तारखेला. ऑक्टोबरात अमेरिकी यंत्रणांनी याच धाटणीच्या हल्ल्यांवरची तांत्रिक टिपणे, घातक फायलींच्या ठशांसह, जगापुढे ठेवली. पुण्यात झालेल्या चोरीची रीत समजून घेण्यासाठी मला वॉशिंग्टनचा कागद वाचावा लागला. आमच्या जिल्ह्यांतल्या नागरी बँकांच्या संचालकांनी एका बैठकीत वाचून संपवावे असे चार पानांचे मराठी टिपण त्यावर माझ्या तरी पाहण्यात आलेले नाही.

आता जे संग्रह आहेत ते तरी टिकतील का? भगदाडांची चर्चा जिथे १९९३ पासून चालत आली ती ‘बगट्रॅक’ ही ईमेलवरची जुनी टपालयादी २०२१ मध्ये बंद पडली. घातक प्रोग्रामांचे नमुने अभ्यासकांसाठी जपणारे ‘व्हीएक्स हेवन्स’ २०१२ मध्ये युक्रेनच्या पोलिसांनी बंद केले. सीव्हीईची १९९९ पासूनची नोंदवही अमेरिकी सरकारच्या पैशावर चालते. एप्रिल २०२५ मध्ये तो करार संपायला एक दिवस उरला असताना जगभर धावपळ उडाली आणि अखेरच्या क्षणी त्याला मुदतवाढ मिळाली. जुनी संकेतस्थळे सांभाळणाऱ्या ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर ऑक्टोबर २०२४ मध्ये हल्ला होऊन ३ कोटी १० लाख खात्यांचा तपशील चोरीला गेला आणि काही दिवस दार बंद ठेवावे लागले. सांगलीच्या दीडशे वर्षांच्या नगर वाचनालयात २०१९ च्या पुराचे पाणी शिरले तेव्हा भिजलेल्या ग्रंथांचे ढिगारे पाहिलेल्या माणसाला, एकाच छताखाली एकच प्रत ठेवण्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. डिजिटल प्रत काढायला जवळजवळ काही खर्च येत नाही. खर्च येतो तो ती नीट लावून, तपासून ठेवणाऱ्या माणसाचा.

हे काम इथे होऊ शकते. १९४७ पासूनचे अभियांत्रिकी महाविद्यालय विश्रामबागेत आहे, शिकलेली मुले आहेत, आणि फजितीच्या कहाण्यांना तर तोटाच नाही. अमेरिकेत १९७६ पासून विमानचालकांसाठी एक व्यवस्था आहे: वैमानिकाने आपली चूक किंवा थोडक्यात टळलेला अपघात नासाला लिहून कळवायचा, नासाने त्याचे नाव आणि ओळखीच्या खुणा काढून टाकायच्या, आणि उरलेली हकीकत सर्वांसाठी प्रसिद्ध करायची. चूक दंड करणाऱ्या खात्याकडे न जाता तिसऱ्याच संस्थेकडे जाते, म्हणून लोक लिहितात. पतसंस्था, आडत पेढ्या, छोटी रुग्णालये, बेदाण्याची शीतगृहे यांच्यासाठी एखाद्या महाविद्यालयाने तसा मराठी संग्रह चालवावा. दर टिपण एका पानाचे असावे: काय दिसले, काय झाले, कशाने वाचलो किंवा बुडालो, किती दिवस गेले. सरकारी परिपत्रकाची भाषा त्यात शिरू देऊ नये.

माझ्याकडून मी सुरुवात म्हणून त्या आडत पेढीचे एक पान लिहिले आणि मालकांना वाचायला दिले. ते त्यांनी तीन दिवस गल्ल्यात ठेवले. चौथ्या दिवशी चहा मागवून, चष्मा लावून, त्यांनी दिवाणजींकडून लाल पेन घेतले. मालाचे नाव दोन ठिकाणी आले होते, ते खोडले. ‘पुतण्याने पेन ड्राइव्ह आणला’ यातला पुतण्या खोडून तिथे ‘एका माणसाने’ असे लिहिले. खंडणीचा आकडा, टी१, अकरा शनिवार, कार्बन कॉपी यांना हात लावला नाही. मग थोडा वेळ थांबून त्यांनी सगळ्यात खाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवली: ‘बॅकअपची डिस्क त्याच संगणकाला जोडून ठेवली होती, म्हणून तीपण गेली.’ हे त्यांनी मलाही तोवर सांगितलेले नव्हते.